रग्ड मॉडची चाचणी: वॉट, आदळआपट आणि पाणी कोणत्या क्रमाने तपासावं?

सोल्डरगन

एका १८६५० सेलवर (१८ मिमी व्यासाचा, ६५ मिमी लांबीचा लिथियम-आयन सेल) चालणारा रग्ड (दणकट) वेप मॉड, म्हणजे ई-सिगारेटचा बॅटरी आणि चिप असलेला भाग, तपासायचा आहे. खोक्यावर तीन दावे छापलेत: आयपी६७ (धूळ आणि पाण्यात बुडण्यापासून बचावाची श्रेणी), ‘मिलिटरी ग्रेड’ आणि ८० वॉट. नमुना एकच आहे. साधनं म्हणजे मल्टिमीटर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि साधा ऑसिलोस्कोप.

विचारायचं असं: आधी काय करावं? पाण्यात बुडवताना सेल आत असावा का? आणि वॉट मोजताना लोड (वीज खाणारा भार) म्हणून कॉइल (तापून वाफ करणारी तार) चालेल का?

ओहमचा_नियम

नमुना एकच असेल तर आधी वॉट, मग आदळआपट, शेवटी पाणी. पाण्याचा दावा नव्याकोऱ्या, झाकणं घट्ट बंद असलेल्या मॉडपुरता असतो. दोन-चारदा पडल्यावर सेलच्या झाकणाची बिजागरी केसभर सरकते, ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) एका बाजूला कमी दाबली जाते, आणि पाणी तिथूनच शिरतं. रोजच्या वापरात मॉड आधी पडतो आणि मग भिजतो, म्हणून त्याच क्रमाने तपासलेलं उपयोगाचं.

लोड म्हणून कॉइल नको. कापूस सुकला की जळतो, आणि स्टीलची कॉइल तापली की तिचा रोध वाढून आकडा पळत राहतो. १ ओहम, ५० वॉटचे ॲल्युमिनियम कवचाचे चार रेझिस्टर समांतर जोडा. एकूण ०.२५ ओहम होतात. ते पेस्ट लावून हीटसिंकवर पक्के बसवा, कारण ५० वॉट ही मर्यादा हीटसिंक धरूनच दिलेली असते. जुन्या टँकचा (मॉडवर बसणाऱ्या द्रवाच्या टाकीचा) ५१० तळ (मॉडला जोडणारा आट्यांचा भाग) कापून त्यालाच जाड, आखूड तारा जोडा.

व्होल्टेज ५१० तळापाशी मोजा. रेझिस्टरपाशी मोजलं आणि तारांत ०.०२ ओहम गेला, तर ८ टक्क्यांची चूक तिथेच झाली. प्रवाह मल्टिमीटरच्या १० अँपियरच्या खाचेतून नेऊ नका. ०.२५ ओहमवर ८० वॉट म्हणजे ४.४७ व्होल्ट आणि जवळपास १८ अँपियर. ५० अँपियर/७५ मिलिव्होल्टचा शंट (प्रवाह मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) लावला तर त्यावर सुमारे २७ मिलिव्होल्ट दिसायला हवेत.

पडद्यावर ‘८०’ दिसतंय म्हणजे ८० मिळतातच असं नाही. चिपला व्होल्टेज वाढवता येत नसेल, तर भाराखाली ३.५ व्होल्टवर आलेला सेल ०.२५ ओहमला जास्तीत जास्त ४९ वॉट देतो. म्हणून सेल ४.२, ३.७ आणि ३.४ व्होल्टवर असताना, अशी तीन वेळा मोजणी करा.

ऑसिलोस्कोप आहे ते उत्तम. काही चिपा सरळ डीसी न देता ठोके देतात, आणि मल्टिमीटर त्यांची सरासरी दाखवतो. ४ व्होल्टचे ठोके निम्मा वेळ असतील तर मीटरवर २ व्होल्ट दिसतील आणि हिशेब १६ वॉटचा निघेल. खरी शक्ती मात्र ३२ वॉट असते. आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) मूल्यच धरा.

सेलपारखी

वरच्यात सेलची बाजू राहिली आहे. चिपची कार्यक्षमता ९० टक्के आणि सेल भाराखाली ३.२ व्होल्टवर धरला, तर ८० वॉटसाठी सेलमधून ८० ÷ (०.९ × ३.२), म्हणजे जवळपास २८ अँपियर ओढले जातात. सतत २० अँपियर देणाऱ्या सेलला हे झेपत नाही. त्याची मर्यादा ५७ वॉटच्या आसपास येते. ८० वॉटचा दावा चिपचा आहे, सेलचा नाही. तो आकडा बटण एक-दोनदाच थोडा वेळ दाबून नोंदवा आणि टिकाऊपणाची फेरी ५५ वॉटवरच घ्या.

फेरीसाठी आयएसओ २०७६८ (यंत्राने वेप ओढून तपासण्याचं मानक) मधली वेळ वापरा: ३ सेकंद झुरका, दर ३० सेकंदांनी एक. ५५ वॉटवर एका झुरक्याला सेलमधून सुमारे ०.०५१ वॉट-तास जातात. २५०० मिलिअँपियर-तासांच्या सेलमध्ये सुमारे ९ वॉट-तास असतात, म्हणजे हिशेबाने १७५ झुरके. प्रत्यक्षात कमी भरतील, कारण भाराखाली व्होल्टेज खाली बसतं आणि चिप लवकर पुरवठा तोडते. सेलच्या कवचाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा. तापमान ६० अंशांवर गेलं की थांबा.

आदळताना सेल आत ठेवू नका. दबलेल्या सेलमध्ये आतून शॉर्ट होऊ शकतो, आणि तो लगेच कळेलच असं नाही. पण रिकामा मॉड आदळणं हीही खोटी चाचणी, कारण सेलचं ४५-४८ ग्रॅम वजन स्प्रिंगवर जाऊन आपटतं तेव्हाच संपर्कपट्ट्या वाकतात. १८ मिमी व्यासाची, ६५ मिमी लांबीची प्लॅस्टिक नळी शिशाचे छर्रे आणि वाळू भरून त्या वजनाची करा; नुसत्या वाळूने तेवढं वजन भरत नाही. दोन्ही टोकं बंद करा.

कोपरा_आणि_कड

‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे बहुधा मिल-स्टँडर्ड-८१० (अमेरिकी लष्कराचं मानक) मधली पडण्याची चाचणी. १२२ सेंमीवरून २६ वेळा: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. त्यात हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा आहे, आणि लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. एकाच मॉडने सगळे २६ सोसणं ही जास्त कडक परीक्षा ठरते. तसं अहवालात लिहा.

टँक काढून ठेवा, काच आधी जाईल. ५१० वर त्याच वजनाचा धातूचा ठोकळा बसवा, नाहीतर कनेक्टरवर ताणच येत नाही. दर पाच-सहा आघातांनंतर सेल आणि लोड लावून रोध वाचा. सुरुवातीपेक्षा ०.०२ ओहमने वाढला तर पिन किंवा तिचा सोल्डर ढिला झालाय.

सगळ्यात गंभीर बिघाड म्हणजे बटण आत अडकणं. मॉड खिशात आपोआप सुरू होऊ शकतो तो यामुळे. बटण दाबून धरा आणि १० सेकंदांच्या आसपास चिप स्वतःहून थांबते का ते पाहा. थांबली नाही तर पुढची कुठलीही चाचणी नको.

सोल्डरगन

पाणी शेवटी ठेवलं आणि आत गेलं, तर दोष मुळातला होता की पडल्यामुळे आला हे कसं कळणार?

ओहमचा_नियम

रास्त शंका. आदळण्याआधी सेल न घालता १० सेंमी पाण्यात पाच मिनिटं बुडवून घ्या. इथेच ओल आली तर पुढे जायची गरजच नाही.

शेवटच्या चाचणीसाठी ११० मिमीचा, सव्वा मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप एका टोकाला टोपण बसवून उभा करा. दहा-अकरा लिटर पाणी पुरतं. सेलच्या जागी तीच भरलेली नळी आणि टिश्यूची घडी ठेवा. मॉडचा तळ पाण्याखाली १ मीटर, वेळ ३० मिनिटं. गोड्या पाण्यातच, कारण आयपी६७ मध्ये खारं पाणी किंवा जोराची धार येत नाही.

पाणी आणि मॉड यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नको. गरम मॉड गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील पाणी ओढून घेतं. मुद्दाम कठोर चाचणी हवी असेल तर ती वेगळी करा, आयपी६७ च्या नावाखाली नको.

बाहेर काढल्यावर आधी बाहेरून पुसा आणि चार्जिंगचं पोर्ट व ५१० ची खोबण फुंकून कोरडी करा. मगच वजन करून ते बुडवण्याआधीच्या वजनाशी ताडा, नाहीतर खोबणीतलं पाणीच ‘गळती’ म्हणून मोजलं जाईल. झाकण उघडताना मॉड उलटा धरा, म्हणजे कडेचं थेंबभर पाणी टिश्यूवर पडणार नाही. सेल घालण्याआधी एक दिवस उघडा ठेवा. चार्जिंग केबल त्यानंतरच. ओल्या यूएसबी-सी पिनांवर व्होल्टेज आलं की त्या गंजू लागतात.