हजार बैठकांनी गुडघे गेले का? मुलाला तालमीत घालण्यापूर्वीचा प्रश्न

प्रश्न : माजी मल्ल, निलंगा तालुका

नमस्कार. माझे वय ४६ असून अकराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सलग अठरा वर्षे, मी कुस्ती केली. आमच्या तालुक्यातल्या रामलिंग मुदगडने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिल्यामुळे इकडे पोरगा अंगापिंडाने बरा दिसला की त्याला तालमीत नेऊन सोडतात; माझेही तसेच झाले. पहाटे चारला उठून जोर, हजार बैठका, मग आखाडा खणणे आणि लढती, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

चोविसाव्या वर्षी एका जत्रेच्या फडात डाव मारताना उजवा पाय मातीत रुतून राहिला आणि वरचे अंग फिरले. वाळकी काडी मोडावी तसा आवाज मला स्वतःला ऐकू आला, आणि रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. हाडवैद्याकडून चोळून घेतले, पट्टी बांधली आणि महिन्याभरात मातीत परत उतरलो. त्यानंतर पाच वर्षे लढलो, पण तो गुडघा मधूनमधून निसटल्यासारखा होई.

आता पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, आणि रात्री दारे धरायला गेल्यावर चिखलात गुडघा कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. डावा कान मोडलेला आहे, मान वळवली की करकरते. बारा वर्षांचा मुलगा तालमीत जायचे म्हणून हटून बसला आहे आणि त्याची आई माझ्याकडे बोट दाखवून नाही म्हणते. माझी ही अवस्था बैठकांनी झाली का, आणि मुलाला पाठवावे का?

उत्तर : अस्थिरोगतज्ज्ञ, लातूर

आपला गुडघा न तपासता निदान करणे योग्य नव्हे. तरीही आपण केलेले वर्णन पुरेसे बोलके आहे. आवाज होणे, काही तासांत सूज येणे आणि पुढे गुडघा निसटत राहणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुडघ्याच्या आतील पुढचे लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा दोर) तुटले असावे, अशी शंका आम्ही प्रथम घेतो. ते तुटले की मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवर घसरू लागते, आणि अशा प्रत्येक घसरण्यात मधली गादी थोडीथोडी फाटत जाते. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत थराला, म्हणजे कूर्चेला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो; हालचालीच्या दाबाने सांध्यातील द्रव तिच्यात झिरपतो, त्यावर ती जगते, आणि म्हणून एकदा झिजली की ती पूर्वीसारखी भरून येत नाही. त्यामुळे दोष बैठकांवर टाकण्याआधी मी त्या महिन्याभराच्या अपुऱ्या विश्रांतीवर आणि तशाच गुडघ्याने लढलेल्या पुढच्या पाच वर्षांवर टाकीन.

फिनलंडमध्ये माजी अव्वल खेळाडूंचे गुडघे तपासले गेले, आणि त्याचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. गुडघ्याचा संधिवात, म्हणजे कूर्चा झिजून होणारा सांध्याचा आजार, नेमबाजांमध्ये ३ टक्के, धावपटूंमध्ये १४, फुटबॉलपटूंमध्ये २९ आणि वजन उचलणाऱ्यांमध्ये ३१ टक्के आढळला. फुटबॉलपटूंच्या बाबतीत जुन्या दुखापती आणि वजन उचलणाऱ्यांच्या बाबतीत शरीराचा भार, ही त्यामागची महत्त्वाची कारणे दिसली. पैलवानाच्या वाट्याला ही दोन्ही येतात. दुसऱ्या बाजूला, २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये १०.२ आणि हौसेने धावणाऱ्यांमध्ये केवळ ३.५ टक्के निघाले. म्हणजे घरी बसवून ठेवल्याने मुलाचे गुडघे वाचतील असेही नाही.

कानाबद्दल थोडक्यात सांगतो. रगडले गेल्याने कानातली कूर्चा आणि तिच्यावरील आवरण यांच्यात रक्त साचते; ते पहिल्या काही दिवसांत काढून दाब दिला तर कान वाचतो, आता तो तसाच राहील. गुडघ्याचा एक्स-रे मात्र उभे राहूनच काढून घ्यावा, कारण झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातील फट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसू शकते.

उत्तर : एक वस्ताद, धाराशिव जिल्हा

पैलवान, डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मान्य आहे. पण तुम्ही वजनाविषयी काहीच लिहिले नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेकांची तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला. अठरा वर्षे दूध, तूप, बदाम पचवणारे शरीर कष्ट थांबल्यावर तेच चरबीत घालते. माझा स्वतःचा घेर असाच वाढला आणि त्यानंतर साखर निघाली. मुलाला पाठवा, परंतु बैठकांची मोजदाद करून पोराचा कस लावणाऱ्या तालमीत पाठवू नका.

उत्तर : क्रीडाशिक्षिका, बीड जिल्हा

दादा, मी कुस्ती शिकवत नाही, तरी बाराव्या वर्षाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. या वयात हाडांची टोके अजून वाढत असतात आणि स्नायूबंध जेथे हाडाला चिकटतो ती जागा कच्ची असते. गुडघ्याच्या वाटीच्या खाली दोन बोटांवर गाठ येऊन ती दाबल्यावर दुखू लागली, तर मुलाला आळशी न म्हणता भार कमी करावा. दुसरे म्हणजे वजनगटात बसवण्यासाठी त्याला उपाशी ठेवू देऊ नका. अमेरिकेत १९९७ साली घाम गाळून झपाट्याने वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले, तेव्हा तिथले नियम बदलावे लागले.

आमच्याकडे अविनाश साबळेंचे नाव घेऊन आईवडील आठ वर्षांच्या लेकरांना डांबरी रस्त्यावर पळवतात. मांडव्याच्या या मुलाने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले हे सर्वांना ठाऊक असते. तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे त्याचे धावणे खऱ्या अर्थाने सुरू झाले, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. पोलीस भरतीची मुले तर जाहिरात निघाल्यावरच एकदम पळायला लागतात आणि महिन्याभरात नडगी धरून बसतात. हाडावर भार वाढला की आधी जुना भाग झिजवला जातो आणि नवा नंतर बांधला जातो. त्या मधल्या काळात विश्रांती मिळाली नाही तर तिथेच बारीक तडा जातो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. वस्ताद, वजन मुद्दामच लिहिले नव्हते. ते ११२ किलो आहे. घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवल्यावर सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या आहेत : पोराच्या गुडघ्याला सूज दिसली तर हाडवैद्याकडे न नेता डॉक्टरांकडे न्यायचे, आणि आधी माझा एक्स-रे काढायचा. माझ्याकडचा जुना एक्स-रे झोपवूनच काढलेला आहे. येत्या सोमवारी लातूरला जाऊन उभ्याने काढून घेतो आणि काय निघते ते येथे कळवतो.