लॅबच्या पिल्लाला दूध-भाकरी आणि कॅल्शियम?

धुळ्याच्या दादांनी विचारलंय, दोन महिन्यांच्या लॅब्रेडॉरला दूध-भाकरी आणि वरून कॅल्शियमचं औषध चालेल का. दूध-भाकरीनं पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं पुरत नाहीत. शिवाय म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. आमच्या आजीनं हौसेनं चार दिवस पाजलं आणि फरशी पुसून पुसून मी दमलो!

कॅल्शियम मात्र मनानं अजिबात देऊ नका. जास्तीचं कॅल्शियम शोषायचं थांबवणं या वयात शरीराला नीट जमत नाही, आणि मोठ्या जातीत त्यानं हाडं-सांधे बिघडतात. 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असं लिहिलेलं कुत्र्यांच्या तयार खाण्याचं पाकीट घ्या, त्यात कॅल्शियमचं प्रमाण बसवलेलं असतं. दिवसातून तीन-चार वेळा, मोजून. लॅब अधाशीच, मागेल तेवढं घालाल तर फुगेल. खाणं बदलताना आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत जा.

आणि हो, शेवभाजीचा रस्सा, भरीत लाडानंसुद्धा नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. केळ्याचे दोन काप चालतील, आम्हा जळगावकरांकडे ते चुकायचे नाहीतच.