जर्मन क्लायंट एआय कायद्याचं विचारतोय, तयारी कुठून करू?

पुण्याचा_कोडर: छोटी कंपनी आहे आमची, जर्मन क्लायंटसाठी सपोर्ट चॅटबॉट करतोय, आता तो म्हणतो युरोपच्या एआय अ‍ॅक्टचं काय ते लेखी द्या. आम्ही तर इथे बसलोय, लागू होतो का आपल्याला?

कायदाप्रेमी: होतो की! बॉटचं आउटपुट तिकडे वापरतायत ना. समोरच्याला आपण मशीनशी बोलतोय हे कळलंच पाहिजे, ते आधी स्क्रीनवर टाका.

साधा_टेस्टर: वकील नंतर हो, आधी एक एक्सेल शीट करा, ऑफिसात कोण कुठलं एआय टूल वापरतंय, त्यात काय पेस्ट करतंय. आमच्याकडे एचआरवाले अख्खा पगाराचा तक्ता फुकटच्या अकाउंटवर टाकत होते, कुणाला पत्ताच नाही 🙄

कायदाप्रेमी: +१. आपला भारताचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण आहेच, माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड.

पुण्याचा_कोडर: बापरे. शीट करतो, एचआरपासूनच.