मदत हवी आहे: ब्लास्टिंग पॉटच्या एअर लाइनवरचं कॅमलॉक गळतं, लिव्हर सैल होतात

धागाकर्ता:
रंगकामाआधी लोखंडी स्ट्रक्चरचं ब्लास्टिंग चालतं, म्हणजे हवेच्या दाबाने ग्रिट (कठीण बारीक कण) मारून गंज काढणं. सेटअप असा: स्क्रू कॉम्प्रेसर, रिसिव्हर (हवा साठवायची टाकी), तिथून 200 लिटरच्या पॉटपर्यंत (ग्रिट भरायची दाबाची टाकी) 2 इंची रबर होज, दाब 7 किलो प्रति चौ. सेमी. होजच्या दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचं कॅमलॉक, म्हणजे दोन लिव्हर दाबून बसणारं कपलिंग. पॉटच्या पुढे 32 मिमी ब्लास्ट होज आणि 8 मिमी नोझल.

कॅमलॉकमधून हवा फुसफुसत राहते. गॅस्केट नवं टाकलं की थोडे दिवस बरं, मग ते फुगतं आणि लिव्हर पूर्ण बसत नाहीत. काल चालू लाइनवर एक लिव्हर अर्धा उघडलेला दिसला. कोणतं गॅस्केट टाकू? लिव्हर तारेने बांधले तर चालेल का? शिवाय ब्लास्ट होजच्या कपलिंगमधून ग्रिट बाहेर येतं, त्याचं काय?

होज_फिटिंग:
आधी लाइन बंद करून हवा सोडा, मग पुढचं वाचा.

दोष गॅस्केटचा नाही, कपलिंगच चुकीचं आहे. कॅमलॉक पाणी, डिझेल, मळी अशा द्रवांसाठी. दाबाखालची हवा आणि वाफ यांच्यावर ते वापरू नये असं बनवणारेच सांगतात. पाण्याच्या लाइनचा सांधा सुटला की दाब लगेच पडतो. हवेच्या लाइनमागे मात्र अख्खा रिसिव्हर असतो, तो रिकामा होईपर्यंत होज आपटत राहतो. 50 मिमी बोअरचं (आतल्या भोकाचं) क्षेत्रफळ साधारण 19.6 चौ. सेमी. 7 किलो दाबाला सांध्यावर जवळपास 137 किलोचा रेटा येतो, आणि तो धरायला दोन छोटे कॅम, तेही कंपनाने झिजणारे. तारेने लिव्हर बांधला तरी कॅम आणि खाच झिजायची थांबत नाही. तार बांधू नका.

गॅस्केट फुगतंय म्हणजे बहुतेक ईपीडीएम रबराचं आहे. कॉम्प्रेसरच्या हवेतून येणाऱ्या तेलाने ते फुगतं. एअर लाइनला नायट्राइल रबराचं घ्या, नवीन कपलिंगमध्येही.

बदल असा करा. 8 मिमी नोझलला 2 इंची होजची गरजच नाही. नोझलच्या बोअरच्या चौपट होज पुरतो, म्हणजे 32 मिमी, फार तर 38. 32 मिमीला रेटा 56 किलोवर येतो. त्यावर क्लॉ कपलिंग (पंजे एकमेकांत अडकवून फिरवायचं) बसवा. 1 इंचापर्यंत दोन पंज्यांचं एकच डोकं असतं, म्हणून अर्धा इंची पाऊण इंचीला जुळतं; सव्वा इंच ते 2 इंच चार पंज्यांचं येतं, ते लहानाला जुळत नाही. दोन्ही टोकं एकाच प्रकारची घ्या. कायमची जोडणी असेल तर हातोडीने आवळायच्या नटचं ग्राउंड जॉइंट कपलिंग क्लॉपेक्षाही भक्कम.

होजवर क्लॅम्प बोल्टचा हवा, त्याची नखं स्टेमच्या (कपलिंगची होजमध्ये घुसणारी नळी) कॉलरमागे अडकली पाहिजेत. पट्टीची होज क्लिप इथे नको. बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. पूर्ण आवळल्यावर दोन अर्ध्यांमध्ये फट राहिली पाहिजे. ते एकमेकांना टेकले तर क्लॅम्प होजला मोठा आहे, वरून कितीही घट्ट दिसो. रबर बसतं, म्हणून एक दिवस चालवून, हवा सोडून, परत आवळा.

धागाकर्ता:
क्लॉला पिनेसाठी भोक असतं, तिथे बाइंडिंग वायर चालेल?

होज_फिटिंग:
नाही, ती घासून तुटते. कपलिंगसोबत येणारी स्प्रिंग पिनच घाला, प्रत्येक सांध्याला. शिवाय प्रत्येक सांध्यावर सेफ्टी केबल, म्हणजे सांधा सुटला तर होज धरून ठेवणारी तारेची दोरी. 32 मिमीपर्यंतच्या होजला 3 मिमी जाडीची अर्ध्या मीटरच्या आसपासची पुरते, 38 मिमी आणि वर 6 मिमीची मीटरभर. ती पूर्ण ताणलेली बसवा. सैल लोंबली तर सांधा सुटताना होजला वेग मिळतो आणि झटक्यात केबल तुटू शकते. अमेरिकेत ओशाच्या (कामगार सुरक्षा संस्था) बांधकाम नियमात अर्ध्या इंचावरच्या होजला हवेच्या उगमाशी किंवा फाट्यावर, होज फुटल्यास दाब कमी करणारं उपकरण लावणं सक्तीचं आहे. रिसिव्हरच्या व्हॉल्वनंतर तसा एअर फ्यूज लावाच.

कोटिंग_तपासनीस:
ग्रिट गळतं ते होजचं टोक तिरकं कापल्यामुळे. कापलेलं टोक काटकोनात हवं आणि होल्डरच्या (ब्लास्ट होजच्या टोकावर स्क्रूने बसणारं कपलिंग) आत गॅस्केटला पूर्ण टेकलेलं हवं. फट राहिली की ग्रिट तिथे घुसतं, आधी गॅस्केटची आतली कड खातं, मग होल्डर. गॅस्केटचं भोक होजच्या बोअरपेक्षा लहान असलं तरी हेच होतं. गॅस्केटचं तोंड होल्डरच्या बाहेर किंचित उचललेलं असायला हवं. सपाट झालं की बदला, किंमत किरकोळ आहे. होल्डरचे स्क्रू लांब घेऊ नका. ते आतल्या नळीत घुसले तर हवा थरांमधून सरकते आणि होजला फोड येतो. रोज कपलिंगच्या मागचा वीतभर भाग अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागला तर तेवढा तुकडा कापून कपलिंग परत बसवा.

सांधा सोडताना क्रम ठरलेला: रिसिव्हरचा व्हॉल्व बंद, पॉटचा ब्लो-डाउन (हवा बाहेर सोडायचा व्हॉल्व) उघडा, गेज शून्य, आवाज थांबला, मग पिन काढा, दाबून पाव फेरा. हाताने फिरत नसेल तर आत दाब अडकला आहे असं समजा, हातोडी मारू नका. पॉटपाशी, बंद केल्यावर पुढच्या बाजूला अडकलेली हवा बाहेर सोडणारा बॉल व्हॉल्व बसवला तर ही अडकण टळते.

हेल्मेटच्या श्वासाच्या हवेचं कपलिंग या लाइनला जुळणार नाही असं वेगळ्या प्रकारचं ठेवा. आणि पॉटमध्ये नदीची वाळू भरत असाल तर ती आजच बंद करा, सिलिकाने फुप्फुसं जातात. गार्नेट किंवा स्टील ग्रिट घ्या.

धागाकर्ता:
लाइन बंद केली आहे. जुन्या 2 इंची होजला रिड्यूसर लावून 32 चं कपलिंग चालेल का?

होज_फिटिंग:
चालेल, पण जुन्या होजवर छापलेला वर्किंग प्रेशर आधी वाचा. छाप पुसला असेल किंवा तो पाण्याचा होज असेल तर हवेवर लावू नका, नवीन घ्या. रिड्यूसर रिसिव्हरच्या व्हॉल्ववर बसवा, होजच्या टोकाला नको, तिथे वजन लोंबकळून थ्रेडवर येतं.