'हॉक' म्हणजे जहाल का? आणि अमेरिकन उजव्यांचे इतर अवघड शब्द

अटकेपार:
मंडळी, एक शंका आहे. मी टेक्सासात राहतो, गाडी चालवताना इथले कॉन्झर्व्हेटिव्ह पॉडकास्ट आणि रेडिओ ऐकायची सवय लागलीय (सगळं पटतं असं नाही, पण ऐकतो), आणि मग फोनवर बाबांना काय चाललंय ते सांगायला गेलो की शब्दच सापडत नाहीत. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले त्या आठवड्याचंच बघा ना, हल्ल्याला नको म्हणणारे पॉडकास्टवाले टकर कार्लसन आणि स्टीव्ह बॅनन एका बाजूला, हो म्हणणारे रेडिओवाला मार्क लेव्हिन आणि सिनेटर टेड क्रूझ दुसऱ्या बाजूला, कार्लसनने तर क्रूझला समोर बसवून इराणची लोकसंख्या किती ते सांगा म्हणून विचारलं, आणि हे चौघेही स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात. बाबांच्या पेपरात सगळ्यांना सरसकट 'पुराणमतवादी'. बाबा म्हणतात, मग यातले सोवळं नेसणारे कोणते?
तर मला हॉक, आयसोलेशनिस्ट, नियोकॉन (म्हणजे नियोकॉन्झर्व्हेटिव्ह) आणि खुद्द कॉन्झर्व्हेटिव्ह, एवढ्यांना बरे मराठी शब्द हवेत. बोलताना वापरता येतील असे, शासकीय परिभाषा कोशातले नकोत.

दगडोबा:
हॉक = जहाल. डव्ह = मवाळ. शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेत आपल्या लोकांनी. पुढचा प्रश्न.

चौकस बाई:
दगडोबा, थांबा जरा, एवढं सोपं नाहीये. जहाल-मवाळ ही जोडी आपल्याकडे रुजली ती काँग्रेसच्या भांडणातून, १९०७ ला सुरतेत जोडे फेकाफेकी झाली तेव्हापासून तर पक्कीच. त्यातला जहाल कोणाविरुद्ध होता? सरकारविरुद्ध. टिळक सरकारच्या अंगावर जात होते, त्यांच्या हातात फौज नव्हती, मंडालेचा तुरुंग होता. अमेरिकन हॉक बरोब्बर उलटा, तो म्हणतो आपल्या सरकारने आपली फौज वापरावी, आणखी विमानवाहू जहाजं बांधावीत, समोरच्याला धाक राहिला पाहिजे. तो सरकारविरुद्ध जहाल नाही, सरकारचं हत्यार काढायला उतावळा आहे, आणि हे दोन अगदी वेगळे स्वभाव आहेत.
हॉक शब्द तिकडे जुना आहे. १८१२ च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धाआधी हेन्री क्ले, कॅल्हून वगैरे तरुण खासदारांना 'वॉर हॉक' म्हणायचे. पण हॉक-डव्ह ही जोडी घरोघरी पोचली १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगानंतर, तेव्हा एका साप्ताहिकात आतल्या गोटातली हकीगत छापून आली, त्यात केनेडींच्या सल्लागारांची अशी विभागणी केलेली होती, आणि संयुक्त राष्ट्रांतले त्यांचे राजदूत, बिचारे ॲडले स्टीव्हन्सन, त्यात कबुतर ठरले. थोडक्यात डव्ह हा शब्द तेव्हाही कौतुकाने नव्हता वापरलेला.

मिरजेचा तंबोरा:
मग सरळ ससाणा म्हणा की. बहिरी ससाणा आपल्याकडे इतका ओळखीचा पक्षी आहे. 'रिपब्लिकन पक्षातले ससाणे' ऐकायला कसलं भारी वाटतं!

चौकस बाई:
छान वाटतं, पण कबुतर आलं की घोटाळा होतो. मराठी माणसाला कबुतर म्हटलं की शांतीबिंती आठवत नाही हो, खिडकीवरची घाण आणि कबुतरखाना आठवतो.

अटकेपार:
:) हे खरंय. आणि 'युद्धखोर' कसं वाटतं?

खडूस मास्तर:
युद्धखोर ही शिवी आहे, शब्दार्थ नव्हे. 'खोर' लागला की माणूस गेला, भांडखोर, लाचखोर, नफेखोर, सगळी बघा. कार्लसन लेव्हिनला म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी 'युद्धखोर' चालेल कारण त्याला शिवीच द्यायचीय, पण तुम्ही स्वतः बातमी सांगताना वापरलात तर बाजू घेतल्यासारखं होतं. लेव्हिन स्वतःला युद्धखोर समजत नाही, तो म्हणणार मी रेगनवाला, 'पीस थ्रू स्ट्रेंग्थ'वाला, ताकद दाखवली की युद्ध करावंच लागत नाही. मी आपला 'धाकवादी' म्हणेन. किंवा वाक्यच फिरवा, 'बळ वापरा म्हणणारे'. मराठीत नाम सापडलं नाही की क्रियापदाने काम भागतं, ही सोय इंग्रजाला फारशी नाही.
जाता जाता चिकनहॉक पण घ्या. स्वतः कधी फौजेत गेला नाही आणि दुसऱ्यांच्या पोरांना लढायला पाठवायला पुढे, तो. मराठीत 'घरबसल्या तलवार परजणारा'. हा शब्द इराक युद्धात डाव्यांनी बुश सरकारवर भरपूर फेकला, आणि आज गंमत अशी की तोच मुद्दा उजवे उजव्यांवर फेकतायत, कारण परदेशातल्या युद्धांना कंटाळलेल्यांत स्वतः इराकला जाऊन आलेले बरेच आहेत, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स मरीनमधून, माजी खासदार तुलसी गॅबर्ड नॅशनल गार्डमधून.

दगडोबा:
ठीके, जहाल मागे घेतो. आयसोलेशनिस्ट = अलिप्ततावादी. हे तरी बरोबर ना? पेपरात हेच असतं.

चौकस बाई:
हे तर सगळ्यात वाईट!! अलिप्ततावाद म्हटला की मराठी वाचकाला नेहरू, नासर, टिटो आठवतात, १९६१ चं बेलग्रेड आठवतं. दोन्ही गटांत सामील न होणं म्हणजे अलिप्ततावाद, आणि नेहरू तर जगाच्या प्रत्येक भानगडीत बोलायचे, कोरियात काय, सुएझमध्ये काय. अलिप्त म्हणजे घरात दार लावून बसलेला नव्हे. आता या शब्दाने रॉबर्ट टाफ्ट आणि पॅट ब्युकॅनन सांगायला गेलात तर वाचकाच्या डोळ्यासमोर गुलाबाचं फूल लावलेला टाफ्ट येईल.

अटकेपार:
टाफ्ट कोण? राष्ट्राध्यक्ष होता तो?

खडूस मास्तर:
त्याचा मुलगा. ओहायोचा सिनेटर, 'मिस्टर रिपब्लिकन' म्हणायचे त्याला. हा माणूस कळला नाही तर आजचं भांडण कळणार नाही म्हणून जरा लांबण लावतो, माफी असावी.
हल्ली सगळ्यांना वाटतं की अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे मूळचा लष्करवाला आणि ट्रम्पने येऊन काहीतरी नवीनच काढलं. तसं नाहीये. दुसऱ्या महायुद्धाआधी उजव्यांचा मोठा गट परक्या युद्धात पडायच्या विरोधात होता. १९४० मध्ये अमेरिका फर्स्ट कमिटी निघाली, सुरुवात येलच्या विद्यार्थ्यांची, पुढे चेहरा झाला वैमानिक लिंडबर्ग, आणि तिच्या व्यासपीठावर नॉर्मन थॉमससारखे समाजवादीसुद्धा बोलून गेले, म्हणजे निव्वळ उजव्यांचं दुकान नव्हतं ते. सप्टेंबर १९४१ ला डे मॉइनमध्ये लिंडबर्गने भाषण केलं की आपल्याला युद्धात ढकलणारे तिघे, ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार, तिथे त्या नावाला कायमचा डाग लागला. तीन महिन्यांत पर्ल हार्बर झालं, कमिटी काही दिवसांत गुंडाळली. आणि 'आयसोलेशनिस्ट' हा शब्द त्या काळापासून पक्की शिवी झाला, कोणीही स्वतःहून स्वतःला तसं म्हणवून घेत नाही, टाफ्टही नाही. त्याने १९४९ मध्ये नाटोच्या विरोधात मत दिलं, म्हणाला दुसऱ्यांच्या रक्षणाची हमी आपण का कायमची घ्यायची, कर वाढतात, राष्ट्राध्यक्षाची सत्ता वाढते. १९५२ ला उमेदवारीत आयसेनहॉवरने त्याला हरवलं आणि पक्ष पुढची साठेक वर्षं नाटोवाला राहिला. ब्युकॅननने १९९२ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी थोरल्या बुशविरुद्ध उभं राहून 'अमेरिका फर्स्ट' परत काढलं, हरला, आणि २०१६ ला ट्रम्पने तीच घोषणा घेतली आणि जिंकला.
म्हणजे बघा, कार्लसन जे बोलतो ते नवीन नाही, टाफ्टची जुनीच तक्रार आहे. मला स्वतःला नाटोबद्दल टाफ्ट चुकला असंच वाटतं, पण त्याला पळपुटा ठरवणारा शब्द वापरणं अन्याय आहे.

मिरजेचा तंबोरा:
मास्तर मस्त. मग शब्द काय? 'आपण बरं आपलं काम बरं'वाले?

खडूस मास्तर:
अगदी! बोलण्यात हाच वापरा. लिहिताना 'हात आखडते घेणारे' म्हणता येईल, ते लोक हल्ली स्वतःला रिस्ट्रेनर म्हणवतात त्याच्या जवळ जातं. 'संयमवादी' नको, त्याने ब्रह्मचर्याचा वास येतो.
आणि एक तिसरा गट विसरू नका, 'आधी चीन'वाले. एल्ब्रिज कोल्बी, जो आता पेंटागॉनमध्ये धोरणाचं खातं बघतो, तो म्हणतो आपलं बळ मर्यादित आहे, युरोप युरोपने सांभाळावा, आपण तैवानकडे बघू. हा ससाणा की कबुतर? चीनपुरता ससाणा, युक्रेनपुरता कबुतर. म्हणून मला ती पक्ष्यांची जोडी मुळातच निरुपयोगी वाटते.

अटकेपार:
पटलं. नियोकॉन?

दगडोबा:
आमच्या पेपरात 'नवपुराणमतवादी' असं आलं होतं एकदा. नव पण आणि पुराण पण. मी दोनदा वाचलं.

चौकस बाई:
अगं आई गं. नव्याचं पुराण! :D
पण अर्थाच्या बाजूने बघितलं तर 'नव' म्हणजे इथे 'नवीन आलेला', नवी विचारसरणी असं नाही. हे लोक मुळात डाव्या बाजूचे, डेमोक्रॅट, काही तर तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी, साठ-सत्तरच्या दशकात तिकडून वैतागून इकडे आले. त्यांच्यातल्याच आयर्विंग क्रिस्टॉलची व्याख्या प्रसिद्ध आहे, नियोकॉन म्हणजे वास्तवाने भर रस्त्यात लुटलेला लिबरल. जीन कर्कपॅट्रिक रेगनची संयुक्त राष्ट्रांतली राजदूत झाली तेव्हासुद्धा कागदोपत्री डेमोक्रॅटच होती, पक्ष बदलला १९८५ ला. म्हणून मी 'पक्षांतरित' म्हणणार होते पण त्याने आपल्याकडचे गुवाहाटीला जाणारे आठवतात. नियोकॉनच ठेवा. सगळंच भाषांतरित केलं पाहिजे असा काही नियम नाहीये, आपण पेन्शन, बजेट, मतदानाचं बूथ सगळं पचवलंय.
फक्त एक, २००३ च्या इराक युद्धानंतर हाही शिवीच झाला, बुश सरकारातल्या वुल्फोविट्झ वगैरे मंडळींमुळे. हल्लीचे पॉडकास्टवाले ज्याचं पटत नाही त्याला नियोकॉन म्हणतात, त्याचा क्रिस्टॉलशी काडीचा संबंध नसला तरी. आणि कधीकधी त्यांना नुसतं 'ज्यू' म्हणायचं असतं, उघड म्हणत नाहीत, त्यामुळे ऐकताना जरा कान उघडे ठेवा. लिंडबर्गचा डाग तो हाच.

अटकेपार:
हो, हे मलाही जाणवलंय, काही शोमध्ये फारच. बरं, आता मूळ कॉन्झर्व्हेटिव्ह. पुराणमतवादी, सनातनी, रूढीवादी, परंपरावादी, काय?

खडूस मास्तर:
सनातनी आणि पुराणमतवादी हे आपल्याकडे सामाजिक सुधारणांच्या भांडणातले शब्द, आगरकर एका बाजूला आणि संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे दुसऱ्या बाजूला. अमेरिकन माणसाला ते अर्धेच लागू पडतात. तिकडे पन्नासच्या दशकापासून जी मोट बांधली गेली, १९५५ ला बकली नावाच्या संपादकाने नॅशनल रिव्ह्यू हे नियतकालिक काढलं, म्हणाला आम्ही इतिहासाच्या वाटेत आडवे उभे राहून 'थांबा' ओरडणार, त्या मोटेत तीन वेगळे लोक होते. चर्च-कुटुंबवाले, कर कमी करा-सरकार लहान करा वाले, आणि कम्युनिस्टांना ठेचावाले. तिसरे दोघांना धरून ठेवत होते, कारण समोर सोव्हिएत युनियन होता. १९९१ ला तो गेला आणि ब्युकॅननने पुढच्याच वर्षी भांडण काढलं, हा योगायोग नाही.
म्हणून 'परंपरावादी' फक्त पहिल्यांना बसतं. बाकीच्यांना तुम्ही 'उजवे' म्हणा, मोघम आहे पण खोटं नाही. पुराणमतवादी मात्र बाद, बाबांना सांगा सोवळं कोणी नेसत नाही.

मिरजेचा तंबोरा:
एक उपशंका. हे सगळे नॅशनल सिक्युरिटी-नॅशनल सिक्युरिटी करत असतात, त्याला आपण राष्ट्रीय सुरक्षा म्हणतो, आणि डिफेन्सला संरक्षण. फरक काय? सुरक्षा म्हटलं की मला सोसायटीचा वॉचमन दिसतो.

चौकस बाई:
फरक आहे आणि तो फार वापरला जातो. संरक्षण म्हणजे फौज, सीमा, हल्ला झाला तर. सुरक्षा म्हणजे... काहीही. १९४७ च्या कायद्याने नॅशनल सिक्युरिटी कौन्सिल आणि सीआयए आले तेव्हापासून हा शब्द फुगतच गेलाय. २०१८ मध्ये कॅनडाच्या स्टीलवर २५ टक्के टॅरिफ बसला, कारण काय तर राष्ट्रीय सुरक्षा, १९६२ च्या एका व्यापार कायद्याचं कलम २३२ काढून. कॅनडा म्हणजे नाटोतला मित्र! तेव्हा बाजारवाल्या जुन्या कॉन्झर्व्हेटिव्हांनीच डोकं धरलं होतं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचं कारण देऊन भारतीय मालावर जादा २५ टक्के बसले, एकूण ५०, तेव्हा तर कोळंबी आणि हिरेसुद्धा त्या राष्ट्रीय सुरक्षेत येऊन बसले.
होमलँड हा आणखी एक. ९/११ नंतर होमलँड सिक्युरिटी खातं निघालं तेव्हा रेगनची भाषणं लिहिणाऱ्या पेगी नूननने २००२ मध्येच लिहिलं होतं की हा शब्द कानाला खटकतो, आम्ही अमेरिकन लोक असं बोलत नाही. मराठीत मायभूमी केलं की खटकणं निघूनच जातं, उलट गहिवरून येतं. भाषांतरात असा माल हरवतो.

दगडोबा:
आणि ते डिपार्टमेंट ऑफ वॉर? माझा एक मित्र म्हणतो ट्रम्पने डिफेन्स खात्याचं जुनं खरं नाव परत आणलं.

खडूस मास्तर:
अर्धं खरं. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ते दुय्यम नाव म्हणून दिलं, कायद्यात अजून डिफेन्सच आहे, ते बदलायचं तर तिकडची काँग्रेस (म्हणजे संसद) लागते. आणि १७८९ चं जे जुनं वॉर डिपार्टमेंट होतं ते १९४७ पर्यंत चाललं, पण आरमार त्याच्याकडे फक्त सुरुवातीची काही वर्षं होतं, आरमाराचं खातं १७९८ पासून वेगळं. म्हणजे आज जे सगळं एका छपराखाली आहे त्याला ते नाव त्यानंतर कधीच नव्हतं. मराठीत 'युद्ध खातं' म्हणा सरळ. ट्रम्पचा संरक्षणमंत्री हेगसेथला मुळात डिफेन्समधला बचावाचा सूरच नको होता, तेव्हा इथे शब्दशः भाषांतर करणंच प्रामाणिक.

अटकेपार:
सगळ्यांचे आभार, बाबांना धाकवादी, हात आखडते, आधी चीनवाले असं सांगून बघतो. एकच राहिलं, राइनो. 'रिपब्लिकन इन नेम ओन्ली'. रिपब्लिकन खासदार थॉमस मॅसीने इराणवरच्या हल्ल्यांना विरोध केला म्हणून ट्रम्पवाले त्याच्यावर तुटून पडले, आता युद्धाला हो म्हणणारा राइनो की नाही म्हणणारा?

दगडोबा:
नावापुरता. आणि कोण ते ठरवणारा एकच आहे, तो सध्या व्हाइट हाउसमध्ये राहतो.

मिरजेचा तंबोरा:
गेंडा का नको पण? इंग्रजीत राइनो म्हणजे गेंडाच की.

चौकस बाई:
कारण मराठीत गेंड्याची कातडी सगळ्याच पक्षांत आहे हो, एकट्या मॅसीला कशाला?