मदत हवी आहे: मिश्रीचा धोका उलटा कसा येतोय?

खाडीकाठ
चिपळूण-खेडकडच्या गावांच्या सर्वेक्षणाचा डेटा आहे. तोंडाच्या कॅन्सरचे 14 रुग्ण. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (कशाने आजाराची शक्यता किती बदलते ते काढायची पद्धत) वय, लिंग, मिश्री (दाताला लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड), विडी, कारखान्यापासूनचं अंतर, विहिरीचं पाणी घातलं, तर मिश्रीचा ऑड्स रेशो 1च्या खाली, म्हणजे मिश्रीने धोका कमी होतो असं! सोमवारी अहवाल द्यायचाय. आर (R) या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदलू?

जांभा
आरचं नंतर बघू. प्रश्न काय विचारला होता? "मिश्री लावता का" की "कधी लावायचात का"?

खाडीकाठ
पहिला.

जांभा
तिथेच घोळ आहे. तोंडात चट्टा आला, डॉक्टर ओरडले, की बाई मिश्री सोडते आणि तुमच्या तक्त्यात "नाही"मध्ये जाते. सुरू केल्याचं वय, सोडल्याचं वय, कॅन्सर कळल्याचं वर्ष, तिन्ही विचारा. कळायच्या आधीचं शेवटचं वर्ष सोडून त्यामागची सवय धरा. शिवाय 14 रुग्णांवर सहा चल, म्हणजे वय-लिंगासारखे सहा घटक, झेपत नाहीत. वय, लिंग, तंबाखू एवढंच ठेवा.

पोफळी
एका चलामागे दहा रुग्ण हा नियम मागे पडला. रुग्ण कमी असताना फुगणारे आकडे आवरणारी फर्थची पद्धत वापरा, सगळे चल राहू देत.

जांभा
फर्थने फुगलेला आकडा आवरतो. चुकीचा "नाही" त्याने "हो" होत नाही.

वाशिष्ठीकर
आधी पाणी तपासा! कारखान्याजवळच्या गावात कॅन्सर जास्तच आहे, तिथे क्रोमियम बघायलाच हवं.

जांभा
पाणी जरूर तपासा, पण तोंडाच्या कॅन्सरला तंबाखू आणि सुपारी आधी.

पोफळी
"जास्त" कशावरून? 2011च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका. तरणी माणसं मुंबईला, म्हातारी गावात, आणि चाकरमानी आजारी पडला की गावी येतो. वय न बघता काढलेला कच्चा दर फुगणारच. वयोगटवार अपेक्षित रुग्ण काढा. समजा 9 आले, तर 14 भागिले 9 म्हणजे 1.56, पण 95 टक्के मर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्यात असेल तो पट्टा, 0.85 ते 2.61, आणि 1 त्यातच येतो. यावरून कारखान्याला दोष देता येत नाही, आणि निर्दोषही ठरवता येत नाही.

जांभा
हे पटलं. खाडीकाठ, वारलेले रुग्ण धरलेत का?

खाडीकाठ
नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीत कारण "म्हातारपण" लिहिलंय.

जांभा
मग घरी जाऊन विचारा: तोंडात न भरणारी जखम होती का, तोंड उघडेनासं झालं होतं का, मानेला गाठ, गिळताना त्रास, टाटाला नेलं होतं का. मिश्रीचंही घरच्यांनाच विचारावं लागेल, तेव्हा तुलनेला घेतलेल्या माणसांचंही घरच्यांकडूनच घ्या. सोमवारचं पुढे ढकला.