रेघ चुकते, पण किती आणि कुठे?

'दोन मॉडेलं दोन दिशा दाखवतात, म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार' हे चक्रीवादळाच्या मार्गाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलांबद्दलचं मत मला पटत नाही. २०१२ च्या सँडी चक्रीवादळाच्या वेळी युरोपियन मॉडेल साधारण आठवडाभर आधीपासून वादळ डावीकडे वळवून अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणत होतं. अमेरिकेचं जीएफएस हे मॉडेल मात्र तेव्हा ते खुशाल अटलांटिकमध्ये सोडून देत होतं. शेवटी तडाखा बसला न्यू जर्सीलाच. (म्हणून युरोपियन म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही हं.)

खरी गोम २००४ च्या चार्ली वादळात दिसते. अंदाजाच्या नकाशातली मधली रेघ, म्हणजे वादळाच्या केंद्राचा अपेक्षित मार्ग, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या टँपाकडे जात होती, वादळ थोडं आधीच उजवीकडे वळलं आणि पुंटा गोर्डाजवळ घुसलं. ती जागा इशाऱ्याच्या पट्ट्यात होतीच, पण लोकांचे डोळे रेघेवर! वादळ किनाऱ्याला जवळजवळ समांतर चाललं असेल, तर दिशेत जरासा फरक पडला तरी धडकण्याची जागा शंभरेक किलोमीटर सरकते. यात मॉडेलला किती दोष द्यायचा?

आणि नकाशावर त्या रेघेभोवती काढलेला शंकूही (केंद्र कुठून जाऊ शकतं ते दाखवणारा, रुंदावत जाणारा आकार) नीट वाचा. वादळाचं केंद्र साधारण तीनातून एकदा त्याच्या बाहेर जातं. पाऊस आणि वारा कुठवर पोचेल, हे तर तो सांगतच नाही.